कड पुन्हा पुन्हा पडते? आरसा बाजूला ठेवा, आधी लॅप तपासा

दुर्बिणीच्या आरशाचं पॉलिशिंग जवळजवळ संपलेलं असतं. मधला भाग स्वच्छ उजळलेला, बारीक खड्डे गेलेले, फुकोच्या चाचणीत (प्रकाशाच्या वाटेत पातं आणून आरशावरची सावली पाहायची) सावली मऊ पसरते. फक्त कड पडलेली, म्हणजे काठाजवळची काच हवी त्यापेक्षा खाली गेलेली. मग तास-दोन तास घासायचं, थोडी सुधारली असं वाटायचं, आणि सकाळी गार झालेला आरसा स्टँडवर लावला की कड होती तिथंच. हातानं आरसे करणाऱ्यांना इतका छळणारा दुसरा दोष मला माहीत नाही. माझ्या पहिल्या 150 मिमी एफ/8 (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरशात ती तीन वेळा परत आली. ज्यांचा आरसा आज तिथंच अडकलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि आता मी ज्या क्रमानं तपासतो त्याच क्रमानं.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कड आरशाची पडते, पण ती पाडतो लॅप (पिच या डांबरासारख्या पदार्थाचा थर दिलेली, आरसा ज्यावर घासतात ती चकती), नाहीतर लॅपवर आरसा फिरवणारे हात. ते कारण तसंच राहू देऊन कितीही तास घासलं तरी आपण रोज तीच कड नव्यानं पाडत असतो. म्हणून कड दिसल्या दिसल्या सेरियमची, म्हणजे पॉलिशच्या पुडीची, बाटली उचलू नका.

खरंच पडली आहे का?

हे विचारायचं कारण असं की गार होत असलेला आरसा खोटं सांगतो. काम करताना काच तापते. नंतर कडेची काच मधल्या काचेपेक्षा लवकर गार होते आणि आकसते, त्यामुळे चांगली कडही काही वेळ पडलेली दिसते. 25 मिमी जाडीच्या पायरेक्स काचेला मी किमान एक तास देतो, साध्या प्लेट ग्लासला त्याहून जास्त. शक्य असेल तर रात्रभर ठेवून सकाळी पाहणं सगळ्यात उत्तम.

फुकोनं 1858 मध्ये मांडलेली पात्याची चाचणी इथं अजूनही पुरेशी आहे. पातं डावीकडून आत आणा. कड निकोप असेल तर आरसा काळवंडत असताना दोन्ही बाजूंच्या कडेवर केसाएवढी बारीक उजळ रेघ दिसते, आणि डावी-उजवी रेघ सारखीच तेजस्वी असते. कड पडलेली असेल तर डावीकडची रेघ नाहीशी होते आणि उजवीकडे, म्हणजे पात्याच्या विरुद्ध बाजूला, जाडसर उजळ चंद्रकोर राहते. सगळा आरसा अंधारला तरी ती तेवत असते. कारण सोपं आहे: पडलेल्या कडेवरचे किरण बाकीच्या किरणांच्या मागे जाऊन मिळतात, म्हणून उजव्या कडेचा प्रकाश पात्यापासून वाचतो आणि डाव्या कडेचा सगळ्यात आधी कापला जातो.

राँकीची जाळी (बारीक समांतर रेघांची पट्टी) असेल तर आणखी लवकर कळतं. वक्रता केंद्राच्या आत, म्हणजे आरशाच्या बाजूला, जाळी ठेवली की रेघांची टोकं कडेपाशी आतल्या बाजूला आकड्यासारखी वळतात, आणि केंद्राच्या बाहेर ठेवली की बाहेरच्या बाजूला. रेघ कुठून वळायला लागते ते नीट पाहा आणि कडेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. पुढचा सगळा निर्णय या एका आकड्यावर ठरणार आहे.

तो आकडा किरकोळ वाटतो, पण कडेच्या वर्तुळात क्षेत्रफळ भरपूर असतं. 150 मिमी आरशात 2 मिमी रुंदीची पडलेली कड म्हणजे एकूण प्रकाशाच्या सुमारे 5 टक्के. 5 मिमी असेल तर जवळजवळ 13 टक्के. एवढा प्रकाश ताऱ्याच्या ठिपक्यात न जाता भोवती धुक्यासारखा पसरतो, आणि गुरूच्या पट्ट्यांमधला सगळा नाजूक तपशील त्या धुक्यात बुडतो. खोलीचं माप काढायचं तर आरशाच्या पृष्ठभागावर हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा आठवा भाग म्हणजे साधारण 70 नॅनोमीटर. परावर्तनात चूक दुप्पट होते, म्हणून एवढी चूक झाली की आपण पाव तरंगाच्या, म्हणजे चांगल्या आरशाला चालणाऱ्या चुकीच्या, मर्यादेवर पोचतो. या मापाची कड डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. लॅपवरचं तिचं कारण मात्र बोटाला लागतं.

लॅपची कड: इथंच सगळ्यात जास्त वेळा सापडतं

तिसऱ्यांदा कड पडली तेव्हा मी आरसा कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि फक्त लॅप घेऊन बसलो. वरून पाहिलं तर सगळं ठीक होतं. पिचमध्ये चर पाडून केलेले चौकोन नीट, चमक सारखी. मग खोलीतला दिवा बंद केला, टॉर्च लॅपच्या पातळीला आडवी धरली, आणि कडेच्या चौकोनांवरून तर्जनी आतून बाहेर हळूच फिरवली. अगदी शेवटच्या मिलिमीटरला बोट चढलं. पिचला ओठ फुटला होता. टॉर्चच्या आडव्या उजेडात त्या ओठाची बारीक सावली चौकोनावर पडलेली दिसली, आणि ती लॅपच्या पूर्ण घेरावर होती.

हे कसं होतं ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. पिच घट्ट दिसतं, पण ते अतिशय सावकाश वाहणारं द्रव आहे. क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 साली नरसाळ्यात ओतलेलं पिच आजही थेंबाथेंबानं पडतंय, आणि इतक्या वर्षांत त्याचे नऊच थेंब पडलेत. आपल्या लॅपवरचं पिच त्यापेक्षा पुष्कळ मऊ असतं आणि त्यावर आपण वजन टाकून रेटा देतो. दाबाखालचं पिच बाहेरच्या बाजूला सरकतं. प्रत्येक स्ट्रोकला आरसा पुढे सरकला की लॅपची मागची कड उघडी पडते, तिथलं पिच दाब सुटल्यामुळे किंचित वर येतं, आणि परत येणारा आरसा आपली कड त्या उंचवट्यावरून घासत नेतो. दिवसभरात असे हजारो फेरे होतात. कड पडली नाही तरच नवल.

उपाय पाच मिनिटांचा आहे. धारदार पातं साबणाच्या पाण्यात बुडवून लॅपची कड भोवताली 45 अंशांत छाटून टाका, आणि छाटल्यावर लॅपचा व्यास आरशापेक्षा 2 ते 3 मिमी कमीच राहील असं पाहा. निघालेल्या कपच्या वाहत्या पाण्यात पूर्ण धुवून काढा. एखादी जरी पृष्ठभागावर चिकटून राहिली तरी तिथं गाठ होते. आणि हे काम एकदाच करून भागत नाही. कामाच्या प्रत्येक बैठकीआधी बोट फिरवून पाहायचं, ओठ लागला की छाटायचं. मी आता हे आरसा धुण्याइतकंच नेमानं करतो.

पिच मऊ आहे का?

ओठ एका बैठकीतच परत आला तर नुसतं छाटून उपयोग नाही, पिचच मऊ आहे. पिचचा कडकपणा डब्यावर लिहिलेल्या दर्जावर जेवढा अवलंबून असतो तेवढाच खोलीच्या तापमानावर. 20 अंशांना नेमकं वागणारं पिच 28 अंशांना लोण्यासारखं वागतं. थंडीत ओतलेला लॅप उन्हाळ्यात तसाच वापरला आणि कड पडली, हे मी इतरांच्या बाबतीत आणि स्वतःच्या बाबतीतही पाहिलंय.

नखाची परीक्षा जुनी आहे आणि तीच खरी. पिचचा तुकडा खोलीच्याच तापमानाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. मग अंगठ्याचं नख मध्यम, एकसारख्या दाबानं दहा सेकंद टेकवा. स्पष्ट खूण उमटली पण नख आत रुतलं नाही, तर बेत जमलाय. दोन-तीन सेकंदांतच रुतलं तर मऊ. खूणच उमटत नाही, उलट कपची उडते, तर कडक. कडेसाठी थोडं कडक पिच मऊ पिचपेक्षा बरं. त्यात बारीक ओरखड्यांचा धोका थोडा वाढतो, पण ओरखडा प्रकाश जवळजवळ घालवत नाही आणि पडलेली कड घालवते.

मऊ पिच कडक करायला राळ मिसळतात. पिच पातेल्यात, मंद आचेवर, उघड्या ज्वाळेपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून वितळवा. राळेची पूड थोडी थोडी टाकून ढवळा, आणि प्रत्येक वेळी थेंबभर पिच पाण्यात टाकून गार करून नखानं पाहा. कडक पिच मऊ करायचं असेल तर टर्पेंटाइनचे थेंब, तेही पातेलं आचेवरून उतरवून. घाईनं तापवलेलं पिच उकळून बुडबुडे धरतं आणि त्यातला हलका अंश उडून ते आपोआप कडक होतं, मग मोजून टाकलेल्या राळेचा हिशेब चुकतो.

चर आणि टेकण

चौकोनांमधले चर बुजत आले असतील तर आधी ते उघडा. चर नुसते सेरियमचं पाणी खेळवायला नसतात. दाबलेल्या पिचला सरकायला जवळची जागा म्हणजे चर. ती जागा बंद झाली की सगळं पिच बाहेरच्या कडेकडे ढकललं जातं आणि ओठ दुप्पट वेगानं येतो. चर करताना त्यांचा मध्य आणि लॅपचा मध्य जुळू देऊ नका, नाहीतर कड सुधारता सुधारता आरशावर गोल वळ्या उमटतील.

टेकण, म्हणजे लॅप आणि आरसा यांचा पूर्ण पृष्ठभागावरचा स्पर्श, आरशातूनच पाहता येतो. आरशाची पाठ घासलेली, धुरकट असेल तर तिच्यावर थोडं पाणी पसरा, ती पारदर्शक होते. खाली सेरियमचा थर एकसारख्या रंगाचा दिसला पाहिजे. जिथं फिकट डाग किंवा अडकलेले बुडबुडे दिसतील तिथं लॅप टेकलेला नाही. कडेचे चौकोन टेकत नसतील तर मध्य जास्त घासला जाईल. मध्य टेकत नसेल तर सगळं वजन कडेवर येईल आणि मग कड पडणारच.

टेकण बसवायला लॅप 45-50 अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, वर सेरियमचं दाट पाणी लावा, आरसा ठेवून हळू हळू हलवत राहा म्हणजे चिकटणार नाही, आणि दोन्ही गार होईपर्यंत तसाच ठेवा. दर बैठकीच्या सुरुवातीला मात्र गरम पाणी नको. फळीखाली जाड कापड घालून त्यावर 3 ते 5 किलो वजन, पंधरा-वीस मिनिटं, एवढं पुरतं. या थंड दाबण्याचा कंटाळा करणारे बरेच जण असतात आणि कडेची तक्रारही बहुतेक वेळा त्यांचीच असते. लॅप रात्रभर पडून राहिला की त्याचा आकार थोडा बदलतोच. सकाळी पहिले पंधरा मिनिटं न दाबता घासणं म्हणजे वेगळ्याच वक्रतेच्या लॅपनं घासणं.

एक कारण सहज नजरेतून सुटतं. टूल, म्हणजे लॅपच्या पिचखालची चकती, प्लास्टरचं असेल आणि त्यावर पाणी न शिरू देणारा थर नीट दिलेला नसेल, तर ते पाणी पिऊन फुगतं. कडेनं पाणी जास्त शिरतं, म्हणून फुगतेही कडच. टूलच्या बाजूला नखानं खरवडून पाहा. ओलसर भुकटी निघाली तर टूल पूर्ण वाळवा, सगळ्या बाजूंनी इपॉक्सी किंवा वॉर्निश द्या आणि नवा लॅप ओता. इथं डागडुजी चालत नाही.

हात

लॅप निर्दोष असूनही कड पडत असेल तर हातांकडे या.

स्ट्रोकची लांबी आधी. आरसा वर, लॅप खाली, मध्यावरून मध्यावर, एकूण सरक व्यासाच्या एक तृतीयांश. 150 मिमी आरशाला म्हणजे 50 मिमी, मध्याच्या दोन्ही बाजूंना 25-25. काम रंगात आलं की हा 50 चा 70 कधी होतो कळत नाही. टूलखालच्या पाटावर पेन्सिलनं दोन रेघा मारून ठेवा. कडेचा त्रास असेल तर मी एक चतुर्थांशावर येतो. आडवी सरक 10-15 मिमीपेक्षा जास्त नको. वेग सावकाश, एका जाण्या-येण्याला दीड-दोन सेकंद.

आता दाब. आरशाच्या वरच्या काठाला धरून पुढे ढकललं की आरसा पुढे झुकतो, जसं उभं कपाट वरून ढकललं की पुढच्या पायांवर येतं. पुढची कड पिचमध्ये रुतते, मागची उचलली जाते, परत येताना उलट. रेटा द्यायचा तो आरशाच्या बाजूला, शक्य तितका खाली, काच आणि पिच भेटतात त्या पातळीच्या जवळ. वरून द्यायचं वजन मध्यावर, पसरलेल्या तळव्यानं. हा फरक करून पाहा. लॅपचा ओढ लगेच बदललेला जाणवतो. आधी झटके लागतात, नंतर सगळीकडून एकसारखी, रेशमासारखी ओढ येते. ती ओढ हाताला ओळखीची झाली की टेकण बिघडल्याचं चाचणीआधीच कळायला लागतं.

आणि उष्णता. पायरेक्स दर अंशाला दर मीटरमागे 3.3 मायक्रोमीटर वाढतं. 25 मिमी जाडीला हिशेब केला तर एका अंशाला सुमारे 80 नॅनोमीटर. प्लेट ग्लासला जवळजवळ 225. म्हणजे बोटांच्या उबेनं कड मध्यापेक्षा एकच अंश गरम झाली तरी ती आपल्या 70 नॅनोमीटरच्या मर्यादेपेक्षा जास्त वर येते. लॅप तो उंचवटा इमानानं घासून काढतो. आरसा गार झाला की तेवढीच कड खाली जाते. लॅप चांगला, स्ट्रोक चांगला, पिच चांगलं, आणि तरी कड पडलेली! प्लेट ग्लासचे आरसे करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. कडेभोवती बोटं आवळून धरू नका, सुती हातमोजे घाला, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर थांबा. थांबलेल्या वेळात आरसा लॅपवरच राहू द्या, मधून मधून हलवत. तेवढ्यात थंड दाबणंही होऊन जातं.

पडलेली कड वर कशी आणायची?

वर आणता येत नाही. कड खाली गेलीय, तिथली काच गेलीय. बाकीचा सगळा आरसा तिच्या पातळीपर्यंत खाली आणणं एवढाच मार्ग आहे. म्हणून बोटानं किंवा छोट्या लॅपनं कडेशी खेळणं बहुधा अंगाशी येतं: कडेच्या आत नवी चरी पडते आणि मूळ दोष तसाच राहतो.

मिलिमीटरचा तो आकडा आता काढा. दोष 1-2 मिमीचा असेल तर कडक पिच, नीट छाटलेला आणि दाबलेला लॅप, एक चतुर्थांश स्ट्रोक, आणि काही तास धीरानं काम. दर तासाला चाचणी नको, उष्णतेमुळे तिचा काही अर्थ लागत नाही. दिवसाला एक पुरे. 4-5 मिमी किंवा जास्त असेल तर माझं स्पष्ट मत आहे: 5 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनावर परत जा. पॉलिशिंगला जे आठवडे लागतील ते बारीक ग्राइंडिंगला तासाभरात जमतं. मागे जाणं मनाला लागतं हे मला माहीत आहे. मीही दोन आठवडे टाळलं होतं, आणि ते दोन आठवडे वाया गेले.

परत जाण्याआधी आठवा: पॉलिशिंगच्या सुरुवातीला कडेचं वर्तुळ सगळ्यात शेवटी उजळलं होतं का? मध्य चमकतोय आणि कड बराच वेळ धुरकट, असं झालं असेल तर कड ग्राइंडिंगमध्येच पडली होती आणि पिचनं ती फक्त उघड केली. मग घासण्याच्या पुडीच्या शेवटच्या दोन-तीन ग्रेडना स्ट्रोक आखूड ठेवा, आरसा आणि टूल वरखाली बदलत राहा, आणि कडेची तिरपी घासलेली पट्टी 1-2 मिमी राखा. पट्टी कड पडू देत नाही असं नाही, पण धारदार कोपरा पिच खरवडत नाही आणि कपच्या उडून ओरखडे पडत नाहीत.

कड नीट होण्याआधी अन्वस्ताकडे, म्हणजे गोल आरशाला पॅराबोलाचा अंतिम आकार देण्याकडे, वळू नका. एफ/8 च्या 150 मिमी आरशात गोल आणि अन्वस्त यांच्यात कडेपाशी फक्त 0.29 मायक्रोमीटरचा फरक आहे, मध्य जुळवून धरला तर. तेवढी काच लांब स्ट्रोकनं काही मिनिटांत निघते, आणि लांब स्ट्रोक पडलेल्या कडेला आणखी पाडतो.

सगळं करूनही केसभर कड राहिली, राँकीच्या रेघेचं टोक शेवटच्या मिलिमीटरलाच हलतंय, तर आरशावर 1.5 मिमी झाकणारं काळं कडं बसवा. 150 मिमी आरशातून त्यानं फक्त 4 टक्के प्रकाश कमी होतो. ताऱ्यावर फोकसच्या आत आणि बाहेर पाहा. कडं बसवण्याआधी आतल्या बाजूच्या चकतीचा काठ केसाळ दिसत असेल आणि बसवल्यावर दोन्हीकडचे काठ सारखे रेखीव झाले, तर आरसा अ‍ॅल्युमिनियमच्या मुलाम्याला पाठवायला तयार आहे.